न बोलले जाणारे दुखणे : प्रोस्टेटच्या ऑपरेशनआधी आणि नंतर



गावच्या पारावर चार वयस्क माणसे बसली की दुखण्यांच्या गोष्टी निघतातच. कोणाचा गुडघा, कोणाची साखर, कोणाचा मोतीबिंदू. ज्याने त्याने आपले सांगावे, दुसऱ्याने त्यावर एखादा उपाय सुचवावा, असा तो दरबार चालतो. परंतु एक दुखणे असे आहे की, ते त्या चौघांपैकी एखाददोघांना असतेच, आणि तरीही त्याचा उच्चार कोणी करीत नाही. मध्येच एकजण उठतो, "आलोच हं" म्हणून भिंतीआड जातो आणि बऱ्याच वेळाने परततो. थोड्या वेळाने दुसरा उठतो. कळते सगळ्यांना, बोलत मात्र कोणी नाही. हे दुखणे लघवीचे.

आज मी त्याच दुखण्याविषयी बोलणार आहे, आणि आडवळणाने बोलणार नाही. घरातल्या बायाबापड्या ऐकत असतील तर त्यांनी रेडिओ बंद करू नये. दुखणे पुरुषाचे असले, तरी रात्री ओले झालेले अंथरूण धुणारे हात बहुधा बाईचे असतात. तेव्हा त्यांनी तर हे जरूर ऐकावे.

मी डॉक्टर नाही. प्राथमिक शाळेत ३४ वर्षे शिकवून निवृत्त झालेला शिक्षक आहे. २०१८ साली, वयाच्या ६६व्या वर्षी माझ्या प्रोस्टेट ग्रंथीत कर्करोग सापडला आणि ऑपरेशन करून ती ग्रंथी काढून टाकण्यात आली. त्याआधीची दोन वर्षे आणि नंतरचे एक वर्ष मी या लघवीच्या तक्रारींबरोबर काढले. डॉक्टरांनी जे समजावले, पुढे वाचून जे कळले आणि स्वतःच्या देहाने जे शिकवले, तेवढेच सांगणार आहे.

आधी ही ग्रंथी कुठे असते ते पाहू. आपण शेतकरी माणसे, तेव्हा पाटाच्या पाण्याचीच उपमा घेऊ. मूत्राशय म्हणजे एक तळे समजा. दोन्ही मूत्रपिंडांतून त्यात पाणी झिरपत येते. तळ्यातून निघणारा पाट म्हणजे मूत्रमार्ग. तळ्याच्या अगदी तोंडाशी, पाटाभोवती कडे घातल्यासारखी ही प्रोस्टेट ग्रंथी बसलेली असते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी, साधारण २० ग्रॅम वजनाची. वीर्यातील काही द्रव तयार करणे हे तिचे काम. पाटाला दारे दोन असतात. एक तळ्याच्या तोंडाशी, ग्रंथीच्या वरच्या अंगाला. ते आपोआप मिटते आणि उघडते. दुसरे ग्रंथीच्या खाली. ते आपल्या इच्छेने आवळता येते. ही दोन दारे लक्षात ठेवा. पुढची सारी हकिकत त्यांच्यावरच अवलंबून आहे.

वय वाढले की ही ग्रंथी फुगू लागते. साठीच्या घरातल्या सुमारे निम्म्या पुरुषांत ती वाढलेली आढळते. मग पाट आवळला जातो. लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, धार बारीक होते, मध्येच तुटते. करून आले तरी अजून राहिल्यासारखे वाटते. रात्री तीनतीनदा, चारचारदा उठावे लागते. एकदा लागली की थांबवत नाही. शिकवणाऱ्या माणसाला तर हे फारच जड जाते. वर्गात भागाकार चालू आहे, मुले पाटीवर मान खाली घालून बसली आहेत आणि गुरुजींचे लक्ष घड्याळाकडे. पुढच्या तासापर्यंत निभेल ना?

आता यातली महत्त्वाची गोष्ट. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. साधी वाढ वेगळी, कर्करोग वेगळा. साध्या वाढीचे पुढे कर्करोगात रूपांतर होते असेही नाही. म्हणून रात्री दोनदा उठावे लागले की हातपाय गाळून बसू नये.

पण याचीच दुसरी बाजूही ऐका. कर्करोग बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या, मागच्या भागात सुरू होतो. पाट असतो मधोमध. त्यामुळे सुरुवातीला कर्करोग पाटाला धक्काच लावीत नाही. लघवी अगदी व्यवस्थित होत असते. पुष्कळदा असे घडते, आणि माझेही असेच झाले, की तक्रार असते साध्या वाढीची, तिच्यासाठी माणूस डॉक्टरांकडे जातो आणि तपासणीत हा दुसरा सोबती सापडतो. म्हणजे लघवीची तक्रार ही कर्करोगाची खूण नसली, तरी डॉक्टरांच्या दारापर्यंत नेणारी वाट जरूर आहे. ती वाट टाळू नये.

डॉक्टर काय करतात? लघवी तपासतात. पोटाची सोनोग्राफी करून ग्रंथी केवढी आहे आणि लघवी करून आल्यावरही तळ्यात किती पाणी शिल्लक राहते, ते पाहतात. हातमोजा घालून गुदद्वारातून बोटाने ग्रंथी चाचपतात. याला आपली माणसे फार लाजतात. अहो, अर्ध्या मिनिटाचे काम आहे! ग्रंथी मऊ असेल तर एक, दगडासारखी कठीण किंवा गाठाळ लागली तर दुसरे, एवढे त्यातून कळते. शिवाय रक्ताची एक तपासणी असते, तिला पीएसए म्हणतात. ४ हा आकडा पुष्कळ ठिकाणी सीमारेषा म्हणून धरतात. परंतु आकडा वाढला म्हणजे कर्करोग झालाच असे नाही. साध्या वाढीने, लघवीत जंतू झाल्याने, लघवी तुंबल्यानेही तो वाढतो. ग्रंथी लहान करण्याच्या काही गोळ्यांनी तो निम्म्यावर येतो. म्हणून चालू असलेली सगळी औषधे डॉक्टरांना सांगावीत. शंका राहिली तर सुईने ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासतात. खरा निकाल तो. पीएसए हा परीक्षेचा निकाल नव्हे. मुलाला एकदा नीट तपासा, अशी वर्गशिक्षकाने पाठवलेली चिठ्ठी आहे.

तपासणी आणि उपचार चालू असतात त्या काळात दिवस कसे काढायचे? काही साध्या गोष्टींचा मला उपयोग झाला. झोपण्यापूर्वी दोन-तीन तास पाणी आणि चहा आवरता घेणे. पण दिवसभराचे पाणी तोडायचे नाही. पाणी तोडले की लघवी गढूळ आणि जळजळीत होते, जंतूंना आयतेच रान मिळते. चहा चारऐवजी दोन कप. लघवी झाल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करणे. तळे जरा अधिक रिकामे होते. एस. टी.त बसण्यापूर्वी आठवणीने जाऊन येणे. अंथरुणाशेजारी झाकणाचे भांडे ठेवणे. यात लाज कसली? अंधारात परसाकडे जाताना पाय घसरून खुबा मोडण्यापेक्षा भांडे बरे.

सर्दीच्या काही गोळ्यांनी वाढलेल्या ग्रंथीच्या माणसाची लघवी एकाएकी बंद पडते. दुकानातून गोळी घेताना आपली तक्रार सांगावी. लघवी पूर्ण बंद होऊन ओटीपोट फुगले आणि कळा येऊ लागल्या, तर सकाळची वाट पाहू नका. रात्री गाडी काढा. दवाखान्यात नळी घालून मूत्राशय मोकळे केले की माणसाला जीव आल्यासारखा वाटतो.

आणखी एक फसवा प्रकार आहे. आमच्या शेजारच्या गावात एका गृहस्थांची लघवी रात्रंदिवस थेंबथेंब गळत असे. घरचे म्हणत, "लघवी तर होतेय, मग अडचण कसली?" प्रत्यक्षात त्यांचे मूत्राशय काठोकाठ भरलेले होते आणि वरचे तेवढे सांडत होते. तळे तुडुंब भरले की सांडव्यावरून पाणी वाहते, तसा तो प्रकार. दुखत नाही म्हणून कोणी लक्ष दिले नाही, आणि मागचा दाब मूत्रपिंडांवर पडत राहिला. तेव्हा सतत गळणे म्हणजे मोकळे होणे असे समजू नका. लघवीत रक्त दिसले, थंडी वाजून ताप आला, कंबरेची हाडे दिवसरात्र ठणकू लागली, तरी घरगुती उपायांत दिवस घालवू नका. गोखरूचा काढा घ्यायचा तर खुशाल घ्या. पण तपासणी करून मग घ्या, तपासणीऐवजी नको.

समजा, कर्करोग निघाला. मग लगेच ऑपरेशनच करायचे का? तर नाही. हा कर्करोग पुष्कळ जणांत फार सावकाश वाढतो. काहींत तो दांडगा असतो. कोणता कसा, ते त्या तुकड्यांच्या तपासणीवरून ठरवतात. सौम्य असेल तर नियमित तपासण्या करीत नुसती नजर ठेवतात. काहींना किरणोपचार, काहींना ऑपरेशन, आणि रोग पसरला असेल तर संप्रेरके कमी करणारी औषधे, असे मार्ग आहेत.

ब्रिटनमध्ये याविषयी एक मोठी पाहणी झाली. ५० ते ६९ वर्षे वयाच्या, रोग ग्रंथीतच असलेल्या १६४३ पुरुषांचे तीन गट केले. एकावर नजर ठेवली, दुसऱ्याचे ऑपरेशन केले, तिसऱ्याला किरणोपचार दिले. १५ वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. तिन्ही गटांत या कर्करोगाने दगावलेले सुमारे १०० मध्ये ३ निघाले. गटागटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मात्र लघवीचा फरक होता. ऑपरेशन झालेल्यांपैकी १०० मधील ४६ जणांना सहा महिन्यांनी गळतीसाठी घडी वापरावी लागत होती. सहा वर्षांनी हे प्रमाण १०० मध्ये १७ वर आले. हे आकडे लवकर सापडलेल्या रोगाचे आहेत. आपल्याकडे पुष्कळांचा रोग उशिरा कळतो, त्यांना ते जसेच्या तसे लागू नाहीत. पण त्यांतून दोन गोष्टी घ्याव्यात. कर्करोग हा शब्द ऐकला म्हणून दुसऱ्याच दिवशी टेबलावर चढण्याची घाई करू नये. दोन आठवडे विचाराला असतात. आणि ऑपरेशनने गळती होते, ती बहुतेकांची कमी होते, पण काहींची राहते, हे आधीच जाणून घ्यावे.

माझा रोग मधल्या प्रतीचा होता, बाकी प्रकृती बरी होती. म्हणून डॉक्टरांशी दोनदा बोलून आम्ही उभयतांनी ऑपरेशनचा निर्णय घेतला. "उभयतांनी" हा शब्द मी मुद्दाम वापरतो. अशा बोलण्याच्या वेळी पत्नीला बाहेरच्या बाकावर बसवू नये. पुढे निभावायचे तिलाही असते. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आम्ही कागदावर लिहून नेले होते. नजर ठेवून चालेल का? किरणोपचार चालतील का? अशी किती ऑपरेशने आपण केली आहेत? आपल्या रोग्यांपैकी किती जण वर्षभराने कोरडे असतात? खर्च किती? प्रश्न विचारला म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही. खर्चाच्या बाबतीत रेशन कार्ड आणि आधार कार्ड बरोबर न्यावे, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, ते योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. पैसे भरण्यापूर्वी विचारावे, नंतर नव्हे.

हे ऑपरेशन काही कालपरवाचे नाही. कर्करोगासाठी पूर्ण ग्रंथी काढण्याची पद्धत अमेरिकेतील बाल्टिमोर येथे डॉक्टर ह्यू यंग यांनी १९०४ साली घालून दिली. १९८२ साली त्याच गावात डॉक्टर पॅट्रिक वॉल्श यांनी ग्रंथीच्या कडेने जाणाऱ्या नाजूक नसा वाचवून ऑपरेशन करण्याची रीत दाखवली. आज पोट उघडून, दुर्बिणीने किंवा यंत्राच्या हातांनीही ते करतात. यंत्र कोणते याहून ते चालवणारा हात किती सरावाचा आहे, हे मोलाचे.

आणखी एक घोटाळा दूर करतो. साध्या वाढीसाठी मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ग्रंथी आतून खरवडतात. ते ऑपरेशन निराळे. "आमच्या मामांचं झालं, चार दिवसांत शेतावर गेले" असे कोणी सांगितले, तर ते बहुधा त्या ऑपरेशनबद्दल असते. कर्करोगात सबंध ग्रंथी काढून मूत्राशय आणि मूत्रमार्ग टाके घालून पुन्हा जोडावे लागतात. त्यामुळे मामांशी आपली तुलना करू नये.

तो जोड भरून यावा म्हणून मूत्राशयात रबराची नळी ठेवतात आणि ती बाहेर एका पिशवीला जोडलेली असते. साधारण एक ते दोन आठवडे ती राहते. ही नळी घेऊनच आपण घरी येतो आणि घरच्यांची परीक्षा सुरू होते. नियम थोडे आहेत. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर हवी, पण जमिनीवर लोळता कामा नये. खाटेच्या कडेला अडकवावी. दोन-तृतीयांश भरली की रिकामी करावी. आधी आणि नंतर हात साबणाने धुवावेत. नळी मांडीला चिकटपट्टीने बांधलेली असावी, म्हणजे हिसका बसत नाही. नळी शिरते ती जागा रोज साबण-पाण्याने धुवावी. लघवी फिकट गुलाबी दिसली तर घाबरू नये, पाणी वाढवावे. रक्ताच्या गाठी पडू लागल्या, नळीतून काहीच येईनासे झाले, ताप आला, पोटरी सुजली किंवा धाप लागली, तर लगेच दवाखाना गाठावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, नळी चुकून निसटली तर गावातल्या कोणाकडून ती परत घालून घेऊ नये. आतला जोड कच्चा असतो, तो फाटेल. ज्यांनी ऑपरेशन केले त्यांनाच कळवावे.

या दिवसांत घरात, अंगणात चालावे. पडून राहू नये. जोर काढावा लागू नये म्हणून शौचास साफ होईल असे खावे. सहा आठवडे पाण्याची घागर, खताची गोणी, नातू, यांतले काहीही उचलू नये. सायकल, फटफटी, ट्रॅक्टर डॉक्टर सांगतील तोवर बंद.

मग नळी काढतात. त्या दिवशी माणसाला वाटते, सुटलो! आणि घरी पोहोचेपर्यंत धोतर ओले होते. येथेच पुष्कळांचा धीर खचतो, म्हणून हे नीट समजून घ्या. मघाशी दोन दारे सांगितली. ग्रंथीबरोबर वरच्या दाराचा बराचसा भाग जातो. आता सारा भार खालच्या एकट्या दारावर. तेही इतके दिवस नळीमुळे उघडे राहिलेले, आसपास सूज. ते काम शिकेपर्यंत पाणी सांडणारच. खोकला, शिंक, हसू आले, पालथीतून उठलो, संडासात उकिडवे बसून उठलो की गळते. रात्री आडवे असताना बहुधा कमी गळते. सकाळ बरी जाते आणि दिवस कलला की दाराचा स्नायू दमतो, गळती वाढते. संध्याकाळी वाढली म्हणून "आज पुन्हा बिघडलं" असे समजू नका. दमलेल्या माणसाचा हात ढिला पडतो, तसेच ते.

या दाराला बळ देणारा व्यायाम आहे. १९४८ साली अमेरिकेतील डॉक्टर आर्नोल्ड केगल यांनी बाळंतपणानंतर गळती होणाऱ्या स्त्रियांसाठी तो सांगितला; पुढे तो पुरुषांनाही देऊ लागले. आपल्याकडे योगात मूलबंध म्हणतात, त्याच्याशी याचे जवळचे नाते आहे. चारचौघांत बसलो असता वायू सरू नये म्हणून आपण खालून जे आवळतो, तेच आवळायचे. आरशासमोर उभे राहिले तर शिस्न किंचित आत ओढले जाते आणि वृषणे वर सरकतात. तसे झाले म्हणजे योग्य स्नायू सापडला. पोट ताणायचे नाही, कुल्ले आवळायचे नाहीत, श्वास रोखायचा नाही. मनात पाच अंक मोजेपर्यंत आवळा, तितकाच वेळ सैल सोडा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पुढे पाचाचे दहा अंक करा. ऑपरेशनच्या आधीच तो शिकून ठेवावा, नळी असताना बंद ठेवावा, नळी निघाल्यावर डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करावा. चालू लघवी थांबवून तालीम करू नये. आणि उठण्यापूर्वी, खोकण्यापूर्वी, काही उचलण्यापूर्वी आधी आवळा, मग ती क्रिया करा. ही सवय मला सर्वांत उपयोगी पडली.

मी शिक्षक, तेव्हा वही ठेवली. रोज किती फडकी ओली झाली ते लिहायचे. पहिल्या आठवड्यात दिवसाला सात. महिन्याने पाच. तिसऱ्या महिन्यात तीन. मध्येच सर्दी-खोकला झाला आणि पुन्हा पाच. सहाव्या महिन्यात एक, आणि वर्षाच्या आत, जोराची शिंक सोडली, तर कोरडा. रोजच्या रोज पाहिले तर काहीच सुधारत नाही असे वाटते. वहीची पाने उलटून पाहिली की फरक दिसतो. प्रत्येकाची वही वेगळी असते. कोणी महिन्यात कोरडा होतो, कोणाला वर्ष लागते.

तोवर काय वापरायचे? दुकानात घड्या आणि डायपर मिळतात, पण महाग पडतात. घरी आम्ही जुन्या सुती धोतराच्या घड्या करून लंगोटात ठेवीत असू. धुऊन उन्हात कडकडीत वाळवायच्या. परगावी जाताना तेवढी विकतची घडी. ओली घडी फार वेळ ठेवू नये, कातडी सोलवटते. जागा धुऊन कोरडी करावी आणि डॉक्टर सांगतील ते मलम लावावे. पिशवीत एक जादा धोतर, एक जाड प्लॅस्टिकची पिशवी. एवढी तयारी असली की लग्नाला, भजनाला, ग्रामसभेला जाता येते. कडेची जागा धरावी म्हणजे झाले. गळते म्हणून पाणी तोडणे आणि गळते म्हणून घरात कोंडून घेणे, ही दोन्ही टाळावीत. दुसऱ्याने तर माणूस रोगापेक्षा लवकर खचतो.

पतिपत्नीच्या संबंधांवरही या ऑपरेशनचा परिणाम होतो. तो काहींत भरून येतो, काहींत येत नाही. त्यावर उपाय आहेत. डॉक्टरांशी संकोच न करता बोलावे. आमच्या घरातून त्या काळात एकच वाक्य वारंवार ऐकू येई, "माणूस घरात आहे, मग फडकी धुवायला कसला कंटाळा?" पण माझी ताकद आल्यावर फडकी मीच धुऊ लागलो, हेही सांगितले पाहिजे. पुरुषमंडळींनी तेवढे करावे.

आता परत डॉक्टरांकडे केव्हा जावे? जळजळ, ताप, लघवीला घाण वास आला तर. धार दिवसेंदिवस बारीक होऊ लागली तर. जोडाच्या जागी व्रण आवळून वाट अरुंद होते, ती मोकळी करता येते. व्यायाम करूनही वर्षभराने गळती तशीच असेल तर. त्यासाठी मूत्रमार्गाला खालून आधार देणारी पट्टी बसवतात, किंवा कृत्रिम दार बसवतात. असे कृत्रिम दार १९७०नंतरच्या दशकापासून वापरात आहे. खर्चीक आहे, सर्वत्र होत नाही, पण "आता असंच राहायचं" हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नये. आणि लघवी अगदी सुरळीत झाली तरी पीएसएची तपासणी चुकवू नये. पहिली साधारण दीड-दोन महिन्यांनी. ग्रंथीच नाही म्हटल्यावर तो आकडा जवळजवळ शून्य हवा. तो चढू लागला तर उपचार असतात, आणि ते वेळेत करावे लागतात.

शेवटी माझ्या शिक्षकबंधूंना थोडे सांगतो. आपल्या शाळेत पन्नाशीपुढचा सहकारी तासातून वारंवार बाहेर जात असेल, तर त्याची थट्टा करू नका. एकांतात गाठून तपासणीला पाठवा. तो तास तुम्ही सांभाळा. शाळेच्या मुताऱ्या स्वच्छ आणि पाण्याच्या ठेवा. त्या मुलांना लागतात तशा म्हाताऱ्या मास्तरांनाही लागतात. ग्रामपंचायतीच्या मंडळींनी बाजारच्या जागी, एस. टी.च्या थांब्याजवळ तशी सोय केली, तर कितीतरी घरी बसलेले म्हातारे पुन्हा बाजाराला येऊ लागतील. आणि ज्या घरी वडील, आजोबा रात्री चारचारदा उठतात, त्या घरच्या मुलाने किंवा सुनेने उद्या सकाळी एवढेच विचारावे, "बाबा, लघवीचा त्रास होतो का? चला, दाखवून येऊ." ते पहिल्यांदा नाही म्हणतील. दुसऱ्यांदा विचारावे.